ओठ हिरवे पाडणारं विष

या दिवाळीत 'अरिंजय' यांचं आत्मचरित्र बाजारात येतंय. जाड पुठ्ठा, चकचकीत वेष्टन आणि मागे काळा चष्मा लावलेला तोच जुना फोटो. ते आत्मचरित्र मी लिहिलेलं नाही. त्यांच्या नावावरच्या रहस्यकथा मात्र, सुरुवातीच्या काही सोडल्या तर, सगळ्या मी लिहिलेल्या आहेत. कादंबऱ्यांचं दुखणं आता जुनं झालं, नुसतं ते घेऊन मी या अंकाच्या संपादकांकडे गेले नसते. पण त्या आत्मचरित्रातलं एक प्रकरण धादांत खोटं आहे आणि त्या खोट्यापायी एका बाईचं वाटोळं झालं. ते खोडून काढू शकेल अशी मी एकटीच उरले आहे. संपादक म्हणाले, "जरूर लिहा, फक्त फार कडू नको. दिवाळी आहे." प्रयत्न करते.

माझं नाव सुमन. ते रहस्यकथेच्या एकाही वाचकाला माहीत असण्याचं कारण नाही. लग्न होऊन नारायण पेठेत आले, तेव्हा मराठी बरं होतं आणि दुपार मोकळी होती, म्हणून बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला जाऊ लागले. प्रकाशकांना सगळे आप्पा म्हणत. खाली पुस्तकांचं दुकान, मागच्या बाजूला छापखाना, आणि मधल्या माळ्यावर एक टेबल, एक पंखा आणि मी. आप्पांचा धंदा रहस्यकथांवर चालायचा. 'अरिंजय' हे नाव त्यांनीच काढलेलं आणि त्यांच्याच मालकीचं. लेखक बदलला तरी नाव तेच राहायचं. वाचकाला वाटायचं, एकच माणूस वर्षानुवर्षं लिहितोय.

हा धंदा कसा चालायचा ते आजच्या लोकांना सांगायला हवं. कादंबरी आठ फर्म्यांची. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. छापखान्यात शिशाचे खिळे मोजकेच असायचे, त्यामुळे सगळं पुस्तक एकदम जुळवून ठेवण्याची सोय नव्हती. एक फर्मा जुळवायचा, तपासायचा, छापायचा, आणि खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला घ्यायचे. लेखकही तसाच सोळा-सोळा पानांचा मजकूर आणून द्यायचा. म्हणजे दुसऱ्या फर्म्यात तुम्ही एखाद्याला लंगडा करून बसलात की तो जन्माचा लंगडा. सहाव्या फर्म्यात त्याला गच्चीवरून उडी मारायला लावायची असेल तर लंगड्यानेच मारायची. छापलेलं परत घेता येत नाही.

एकदा तेव्हाचे अरिंजय, मुंबईचे एक गृहस्थ, चार फर्मे देऊन आप्पांशी भांडून निघून गेले. चार फर्मे छापून तयार, त्यात एक सावकार मेलेला, सहा माणसांवर संशय, आणि खुनी कोण ते जगात कुणालाच माहीत नाही. आप्पा डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, "मी बघू का?" ते म्हणाले, "बाई, प्रुफं बघा." मी घरी गेले आणि ते चार फर्मे खऱ्याखुऱ्या पोलिसासारखे वाचून काढले. गृहस्थांनी पहिल्या फर्म्यात एका फोटोग्राफरला चहा पाजला होता आणि पुढे त्याला साफ विसरून गेले होते. मी त्यालाच पकडलं. पुढचे चार फर्मे मी लिहिले. ती कादंबरी अशी खपली की आप्पांनी पुन्हा काढली, आणि तेव्हापासून मी अरिंजय झाले.

अभिमान वाटायचा का? वाटायचा. अजूनही वाटतो. खुनी असा हवा की वाचकाने त्याला दोनदा पाहिलेलं असावं आणि दोन्ही वेळा त्याचा संशय येऊ नये, हे सांगायला सोपं आहे. करून बघा. शिवाय पुण्याचा वाचक. सदाशिव पेठेतून एका वाचकाचं कार्ड आलं होतं: 'आपल्या कादंबरीतील खुनी लक्ष्मी रस्त्याने उलट दिशेने मोटार नेतो. खुनी झाला म्हणून काय झालं, एकदिशा मार्गाचा नियम त्यालाही आहे. कळावे.' मी पुढच्या कादंबरीत खुन्याला सायकल दिली.

माझं नाव घालायचं नाही हे तिघांनी ठरवलं होतं. आप्पा म्हणाले, "बाईने लिहिलेला खून घेणार कोण?" आमचे हे शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "हेडमास्तरांना मी काय तोंड दाखवू?" तिसरी मी. मला वाटलं, नावाचं पुढे बघता येईल. लिहायला तर मिळतंय.

मग वाचनालयवाले आप्पांच्या मागे लागले की लेखकाचा फोटो छापा, लोक विचारतात. आप्पांचे मेहुणे मधुभाऊ रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते. उंच, गोरे, आवाज भरदार. आप्पांनी त्यांना काळा चष्मा लावला, तोंडात विझलेला पाइप दिला आणि त्यांचा फोटो मलपृष्ठावर छापला. सुरुवातीला मधुभाऊ लाजायचे. "वहिनी, तुमचं श्रेय मी खातोय हो," असं म्हणून माझ्यासाठी चितळ्यांची नव्हे, पण तशीच चांगली बाकरवडी आणायचे. पुढे ते संध्याकाळी दुकानात बसायला लागले. लोक भेटायला यायचे, सही मागायचे. सही छान करायचे. आणखी पुढे त्यांची बाकरवडी बंद झाली.

आता ते प्रकरण. मी 'हिरव्या ओठांचा मुडदा' लिहीत होते. आमचा एक नियम होता, खरं विष कधीही लिहायचं नाही. उगाच कुणाला शिकवायला नको. म्हणून विष आपणच तयार करायचं, त्याला एक नाव द्यायचं आणि एक लक्षण द्यायचं. लक्षण डोळ्यांत भरणारं हवं, कारण ते चित्रकाराला मुखपृष्ठावर काढता आलं पाहिजे. त्या दिवशी कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात माझं ताक कळकलं होतं. हिरवट रंग चढला होता. ते मोरीत ओतताना मला सुचलं की या विषाने मेलेल्या माणसाचे ओठ हिरवे पडतात. विषाचं नाव ठेवलं मरकती. जन्म माझ्या मोरीत, आणि मृत्यूही तिथेच व्हायला हवा होता.

पुस्तक निघून थोडे दिवस झाले असतील. मी संध्याकाळी माळ्यावरून मजकूर द्यायला खाली उतरले, तर दुकानात एक माणूस उभा. लोणी काळभोरचा, नाव बबन. धोतर, हातात आमचं पुस्तक. मधुभाऊ खुर्चीत, पाइप तोंडात.

"सायेब, माझा थोरला भाऊ गेला," बबन म्हणाला. "ओठ हिरवं पडल्यालं. ह्या बुकात लिवलंय, आगदी तसंच. मला ठाव हाय कुनाचं काम हाय. फकस्त तुमच्या तोंडून आयकायचं हाय."

मी पुढे झाले. "भाऊ आजारी होते का?"

"कावीळ झालती."

"औषध काय देत होते?"

"भावजय पाल्याचा रस पाजायची. रोज सकाळी."

"अहो, मग ओठ हिरवे होणारच! पाल्याचा रस हिरवा असतो. शेवटच्या दिवशी गिळता आला नसेल, ओठांवर राहिला असेल. कावीळ वाढली आणि ते गेले. विष कसलं?"

बबनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुमी गप ऱ्हावा. लेखकाला बोलू द्या."

मधुभाऊंनी पाइप काढला. चष्मा तसाच. जरा थांबले, त्यांना तसं थांबता यायचं. मग भरदार आवाजात म्हणाले, "खुनी नेहमी घरातलाच असतो."

ते माझं वाक्य होतं. सातव्या फर्म्यात इन्स्पेक्टर ते म्हणतो. मी ते लिहिलं तेव्हा फार खूश झाले होते.

मी ओरडलेच. "मधुभाऊ, काय बोलताय! हे विषच खोटं आहे. बबनराव, ते मी बनवलंय, घरी, कळकलेल्या ताकावरून. पुस्तक मी लिहिलंय!"

आप्पा गल्ल्यावरून उठून आले. हसत बबनला म्हणाले, "या आमच्या प्रुफांच्या बाई. जरा थट्टेखोर आहेत." माझ्या दंडाला धरून त्यांनी मला माळ्याच्या जिन्यापाशी नेलं. हळू आवाजात म्हणाले, "अहो, घर बुडवणार का माझं?" तेवढ्यात बबन मधुभाऊंच्या पाया पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ झाल्यावर, ह्यांना न सांगता, मी बसने लोणीला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही, गावात चर्चा होतीच. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "तिला काल रातच्यालाच हाकलली. पोरगी ठिवून घेतली, तिला तेवडी हाकलली. माह्यार कुटं दौंडाकडं हाय म्हनं." दारात एक चार-पाच वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या मागे बबन आला. मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, पाल्याचा रस, ताक, पातेलं. तो म्हणाला, "तुमी कोन?"

"मीच अरिंजय."

तो आत गेला, पुस्तक घेऊन आला आणि उलटं करून फोटो माझ्यापुढे धरला. "ह्यो बाप्या हाय," म्हणाला. एवढंच. त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. मलपृष्ठावर जे होतं ते त्याने वाचलं.

प्रेत जाळलं होतं, त्यामुळे पोलीस नाहीत, चौकशी नाही. फक्त एक बाई लेकरापासून तुटली, आणि विष घालणारी म्हणून माहेरी जाऊन पडली. मी दौंडाकडे कुठे शोधणार होते? नावसुद्धा 'बबनची भावजय' एवढंच माहीत. आप्पांना म्हटलं, पुढच्या आवृत्तीत एक ओळ छापा, यातलं विष काल्पनिक आहे. ते म्हणाले, "मग वाचेल कोण?" मधुभाऊंना बोलले, तर म्हणाले, "वहिनी, मी फक्त तुमचं वाक्य म्हटलं." ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू तिथे गेलीसच कशाला?" ज्याला त्याला आपापलं उत्तर तयार होतं.

मी लिहायचं थांबवलं नाही. दुसरं काही येत नव्हतं आणि हे फार चांगलं येत होतं. त्यानंतर मात्र कुणालाही विष घालून मारलं नाही. ढकललं, बुडवलं, गळे आवळले. विष नाही.

मग घरोघरी टीव्ही आले, वाचनालयं बंद पडली, तिथे मोबाइलची दुकानं झाली. आप्पा गेले, हे गेले. मुलाने पुण्याबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला, मी तिकडे राहायला गेले. एका खिडकीतून ऊस दिसतो, दुसरीतून बावीस मजली इमारत. मला वाटलं, अरिंजय मेला.

गेल्या वर्षी आप्पांचा मुलगा निरंजन याने सगळ्या कादंबऱ्या पुन्हा काढल्या. ऐकायच्या पुस्तकांतही घातल्या. आयटीतली मुलं गाडीत बसून ऐकतात म्हणे. मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "निरंजन, आता तरी नाव घाल. आता बाईच्या नावाचं कुणाला काही वाटत नाही."

निरंजन गोड बोलतो. "काकू, मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण पुरावा काय?"

पुरावा! खिळे जुळवणाऱ्याच्या शाईच्या अंगठ्याखालून गेलेला मजकूर रद्दीतच जायचा. आप्पा हयात नाहीत, छापखान्यातले नाहीत. उरले मधुभाऊ. आयुष्यभर मी रुमाल, गुंड्या, तिकिटाची अर्धुकं असे पुरावे पेरले, आणि माझ्या स्वतःच्या बाजूने एक गुंडीसुद्धा ठेवली नव्हती. निरंजनच्या केबिनमध्ये मला हसू आलं. त्याला वाटलं, काकू समजूतदार आहेत.

मधुभाऊंचा सत्कार झाला, तोही मी चौथ्या रांगेत बसून पाहिला. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, एवढे खून सुचायचे कसे? मधुभाऊ थांबले. मग असं सुरेख बोलले की सभागृह टाळ्या वाजवत राहिलं. खरं सांगते, मला तसं बोलता आलं नसतं. इतकी वर्षं ते अरिंजय असण्याचीच तालीम करत होते. मी नुसती लिहीत होते.

त्यानंतर निरंजनचा फोन आला. "काकू, सरांचं आत्मचरित्र करायचंय. सर सांगतील, तुम्ही उतरवून घ्यायचं. अरिंजयची भाषा तुमच्याइतकी कुणाला येणार? आणि कव्हरवर तुमचं नाव. 'शब्दांकन' म्हणून. प्रॉमिस."

चार पुस्तकांत मावेल एवढा अपमान त्या एका फोनमध्ये होता. तरी मी हो म्हटलं. कव्हरवर नाव या दोन शब्दांपुढे मी विरघळले. माझी नात विचारते, आजी, तू काय करायचीस? मी सांगते, मुद्रितं तपासायचे. तिच्या हातात एक तरी पुस्तक द्यावं, एवढंच मनात आलं.

मधुभाऊ मांजरीला यायचे. नातू गाडीने सोडायचा. थकलेत आता, चष्मा खरा झालाय. मी चहा ठेवायचे आणि वही घेऊन बसायचे. ते सुरुवात करायचे, "पहिली कादंबरी मी लिहिली तेव्हा...", आणि अडकायचे. "वहिनी, तेव्हा काय झालं होतं हो?" मग मी सांगायचे. चार फर्मे, सावकार, फोटोग्राफरचा चहा. ते मान डोलवायचे. मी सांगायचे, ते 'बरोबर' म्हणायचे, आणि मीच ते त्यांचं म्हणून लिहून घ्यायचे. निरंजनला पहिली पानं आवडली. फक्त एक खून स्वयंपाक करताना सुचला असं होतं, तिथे त्याने 'पहाटे फिरताना' केलं.

तेही मी गिळलं. मग एका दुपारी मधुभाऊ म्हणाले, "आता लोणीचं प्रकरण घ्या."

हे मात्र त्यांना माझ्या मदतीशिवाय आठवत होतं. न अडखळता सांगत गेले, "लोणीचा एक शेतकरी रडत आला. पोलिसांना संशयसुद्धा नव्हता. ओठांचा रंग ऐकला आणि मी एका क्षणात ओळखलं. घरातल्याच व्यक्तीने विष घातलं होतं. लेखणीने एक खरा खून उघडकीस आणला." सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मधुभाऊ, तो पाल्याचा रस होता."

"असेल हो. आता कोण बघायला येतंय?"

"त्या बाईचं काय?"

त्यांनी माझ्याकडे खरोखरच गोंधळून पाहिलं. "कोणती बाई?"

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, हे मी लिहिणार नाही. ते घाबरले. त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, असं करू नका. माझी नातवंडं मला अरिंजय म्हणून ओळखतात. ते काढलंत तर मी कोण? पार्सल क्लार्क." मी विचारलं, "आणि मी कोण?" चहा निवून गेला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

निरंजनचा फोन त्याच संध्याकाळी. "काकू, अहो एवढ्या एका प्रसंगासाठी? तेच तर पहिलं प्रकरण आहे. ट्रेलरही त्याच्यावरच करतोय. आणि तुमचं नाव कव्हरवर येणार होतं."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

"मग?"

"मग काही नाही. दुसरं कुणी बघ."

त्याला लिहून घेणारा दुसरा एक मुलगा लगेच मिळाला. पुस्तक तयार झालं, लोणीचं प्रकरण पहिलंच आहे, 'हिरवे ओठ बोलले' असं काहीसं नाव दिलंय. त्यात भावजयीला कपटी डोळे आहेत. ते डोळे त्या मुलाने स्वतःच घातले असणार, मधुभाऊंनी ती बाई कधी पाहिलीच नव्हती. मीही नाही. नात अजून विचारते, आजी, तू काय करायचीस?

लोणीच्या दारात बसलेली ती मुलगी आता माझ्या मुलाच्या वयाची असेल. लग्न होऊन कुठे गेली, मला माहीत नाही. आईने बापाला विष घातलं, एवढंच तिला सांगून वाढवलं असणार, आणि या दिवाळीत तिच्या घरातलं कुणीतरी ते पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवील. तिच्यासाठी हे लिहिलंय. बाई, ओठ हिरवे पाडणारं विष जगात नाही. ते मी बनवलं होतं, आणि माझ्याकडे त्याचा काहीही पुरावा नाही. तुझी आई रोज सकाळी पाला वाटून त्याचा रस तुझ्या वडिलांना पाजत होती, ते बरे व्हावेत म्हणून.